पहिल्यांदा मीटिंगमध्ये बोलायचंय? आधी लॅपटॉप मिटा

आमच्या कारखान्यात नवीन आलेल्या मुलामुलींना पाच-सहा महिने झाले की एक दिवस साहेब जाता जाता सांगतात, "शनिवारी तुझ्या लाईनचं प्रेझेंटेशन तूच दे." त्या दिवशी त्या पोराचा डबा उघडत नाही. जळगावच्या एमआयडीसीत पाईपच्या धंद्यात मी वीसेक वर्षं काढली, बहुतेक सगळी क्वालिटीत. असे न उघडलेले डबे बरेच पाहिले. मग ते पोर माझ्या टेबलाशी येतं आणि विचारतं, "ताई, किती स्लाईड करू?"

स्लाईडचा नंबर फार नंतर लागतो. सुरुवात कागद-पेनानं करायची. तीही आपल्याला काय सांगायचंय इथून करायची नाही, समोरच्याला ऐकून काय करायचंय तिथून करायची. या लेखात सगळी कामं मी त्याच क्रमानं लिहिली आहेत.

आधी विचारून घ्या

ज्यानं बोलायला सांगितलं त्यालाच जाऊन तीन गोष्टी विचारा. कोण कोण बसणार आहे? वेळ किती? आणि ऐकून झाल्यावर त्यांना काय ठरवायचंय? तिसरा प्रश्न विचारायला नवीन माणूस लाजतो. "सर, यावर तुम्हाला काही मंजुरी द्यायची आहे की फक्त माहिती हवी आहे?" एवढं विचारलं तर कोणी रागावत नाही. उलट कधीकधी साहेबच थांबून विचार करतात. त्यांनाही ते ठरवायचं राहिलेलं असतं.

माणसं बदलली की विषय तोच राहून बोलणं बदलतं. स्क्रॅपचं, म्हणजे बनवताना वाया गेलेल्या मालाचं, उदाहरण घ्या. प्लांट हेडला पैसा आणि मंजुरी यांत रस असतो. ऑपरेटरला आपल्या पाळीवर ठपका येतोय का, याची काळजी असते. डीलरला तर तुमच्या स्क्रॅपशी देणंघेणंच नाही. त्याला पाईप वेळेवर आणि सारख्या जाडीचा मिळेल का, ते हवं. तिघांना एकच फाईल दाखवणारे लोक आहेत, आणि त्यांच्या मीटिंगमध्ये तिघंही मोबाईल बघत बसतात.

तिन्ही उत्तरं मिळाली की कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा : अमक्यानं अमुक करावं. मागच्या वर्षी आमच्या एका ट्रेनी मुलानं लिहिलं होतं, "तिसऱ्या लाईनची डाय साफ करायला दर सोमवारी दोन तास लाईन बंद ठेवायची परवानगी प्लांट हेडनी द्यावी." डाय म्हणजे पाईपला आकार देणारा साचा. वाक्य चांगलं होतं. माणूस, काम, वेळ, सगळं त्यात आलं होतं. "स्क्रॅपविषयी जागरूकता निर्माण करणे" असलं काही कागदावर उतरलं तर तो कागद फाडा आणि नवा घ्या.

वेळेचा हिशेबही याच कागदावर करा. दहा मिनिटं मिळाली असतील तर तयारी आठ मिनिटांची करायची. सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे आठ मिनिटांत फार तर हजार शब्द, वहीची चार-पाच पानं. त्यात तीन मुद्दे बसतात, सात बसत नाहीत.

मशीनपाशी जाऊन या

त्या मुलाची गोष्ट पुरी करते, कारण शिकण्यासारखं तिच्यातच आहे. त्यानं संगणकातून तीन महिन्यांचे आकडे काढले होते. तिसऱ्या लाईनला स्क्रॅप जास्त, म्हणजे डाय खराब, असं त्यानं ठरवूनही टाकलं होतं. मी म्हटलं, एक रात्रपाळी करून ये. गेला बिचारा. सकाळी डोळे चोळत परत आला आणि म्हणाला, "ताई, डायचा प्रश्नच नाही." ऑपरेटरनं त्याला रजिस्टरच्या शेऱ्याचा रकाना दाखवला होता, जो संगणकात कोणी भरतच नव्हतं. रात्री लाईट ट्रिप होते. जनरेटर सुरू करणारा माणूस दुसऱ्या टोकाला असतो. तो येईपर्यंत मशीनच्या गरम बॅरलमधला पीव्हीसी, म्हणजे पाईपचं वितळलेलं प्लॅस्टिक, तिथेच थांबून जळायला लागतो. मग डाय खोला, साफ करा, लाईन पुन्हा चालू करा, आणि सुरुवातीचे पाईप स्क्रॅपमध्ये टाका.

कागदावरचं वाक्यच बदललं. आता मागायचं होतं ते लाईट गेल्यावर जनरेटर आपोआप सुरू करणारं पॅनेल. जुन्या वाक्यावर त्यानं शनिवारी भाषण ठोकलं असतं तर मागच्या बाकावरच्या फोरमननं एका प्रश्नात त्याला खाली बसवलं असतं.

म्हणून आकडे मिळाले तरी ते जिथे जन्मले तिथे एकदा जाऊन यायचं. बँकेत असाल तर काउंटरवर बसणाऱ्याशी बोला, शाळेत असाल तर शिपायाशी, दूध डेअरीत असाल तर संकलन केंद्रावर पहाटे दूध मोजणाऱ्याशी. ज्यानं माहिती दिली त्याचं नाव मीटिंगमध्ये घ्यायचं. "रात्रपाळीच्या ऑपरेटरनी हे दाखवून दिलं," एवढंच म्हणायचं. पुढच्या वेळी तोच माणूस आपणहून येऊन सांगतो.

आकडे आणले की ते हातात धरता येतील असे करून मांडायचे. "दोन टक्के स्क्रॅप" ऐकून कोणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही. समजा लाईनवर दिवसाला दहा टन माल चालतो. दोन टक्के म्हणजे दोनशे किलो. रेझिनची, म्हणजे कच्च्या मालाची, गोणी २५ किलोची असते, म्हणजे रोज आठ गोण्या. "आपण रोज आठ गोण्या फोडून बाजूला ओततोय," असं म्हटलं की खोलीतलं प्रत्येक डोकं वर होतं. मग कोणीतरी म्हणणारच, की स्क्रॅप दळून परत वापरतो ना आपण. बरोबर आहे, आणि त्याचं उत्तरही खिशात हवं : दळायचा खर्च किती, आणि जळालेला माल परत किती घेता येतो. भाषणात तीनच आकडे बोलायचे, बाकीचे तीस मागच्या पानावर ठेवायचे.

घड आधी दाखवा

रावेर-यावलकडे व्यापारी केळीच्या बागेत शिरला की आधी घड बघतो. खत कोणतं घातलं, ठिबक कधी टाकलं, रोपं कुठून आणली हे सगळं तो विचारतो, पण नंतर. आपली मुलं बोलायला उभी राहिली की मुळापासून सुरू करतात. कंपनीची स्थापना, विभागाची रचना, विषयाची व्याख्या, व्याप्ती. चार मिनिटं संपतात आणि घड अजून दिसलेला नसतो.

पहिल्या मिनिटात मागणी आणि तिचं कारण, दोन्ही सांगून टाका. "तिसऱ्या लाईनला रोज आठ गोण्या माल वाया जातो. त्यातला मोठा भाग रात्री लाईट गेल्यावर जातो. ऑटो पॅनेल बसवलं तर तो वाचवता येईल, त्यासाठी मी आज मंजुरी मागतोय." यानंतर पुरावा. मग खर्च. मग अडचण काय येऊ शकते ते. अडचण आपणच सांगितलेली बरी, दुसऱ्यानं काढली तर ती आपली चूक ठरते. शेवटी मागणी पुन्हा एकदा, त्याच शब्दांत.

याचा आणखी एक फायदा आहे. साहेबांना मध्येच फोन आला आणि ते उठून गेले, तरी मुद्दा त्यांच्या कानावर पडलेला असतो.

केळी की केयी

आता जरा थांबते, कारण आपल्या भागातल्या मुलांची निम्मी भीती विषयाची नसते, भाषेची असते. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत पुस्तकी मराठी, कंपनीत साहेब लोकांचं इंग्रजी, भुसावळकडच्या कॉलन्यांत हिंदी. ळ चा य होतो, डोळा डोया होतो, केळी केयी होते. पुण्याच्या कॉलेजात कोणीतरी कधीतरी हसलेलं असतं, आणि ते हसू पोरं वर्षानुवर्षं डोक्यात बाळगतात. मग मीटिंगमध्ये पाठ केलेलं इंग्रजी बोलायला जातात आणि पहिल्या प्रश्नाला अडकतात.

मी एकच सांगते : ज्या भाषेत तुम्हाला प्रश्नाचं उत्तर देता येतं, त्या भाषेत बोला. स्लाईडवर इंग्रजी असू द्या, कंपनीची तशी रीत असेल तर. तोंडी समजावणं मराठीत किंवा हिंदीत चालतं. समोर बाहेरचा पाहुणा असेल तर आधी विचारून घ्या. आणि केयी म्हणालात म्हणून मंजुरी अडत नाही, वीस वर्षांत एकदाही अडलेली मी पाहिली नाही. आकडा चुकला म्हणून अडलेली पुष्कळ पाहिली.

ऑपरेटर लोकांपुढे बोलायचं असेल तर अहिराणीत एक वाक्य बोलून बघा. खोलीतली हवाच बदलते. पण येत नसेल तर उसनी आणू नका. ते लगेच कळतं आणि चेष्टा होते.

आता स्लाईड

२००६ साली मी पहिलं प्रेझेंटेशन दिलं. चौतीस स्लाईड होत्या. घरच्या संगणकावर मराठीत टाईप केलं, जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये, पेन ड्राईव्हवर टाकून नेलं. मीटिंगच्या खोलीतल्या संगणकावर तो फाँट नव्हता. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि कंसांची खिचडी आली. मागून एक आवाज आला, "हाई काय शे भो?" खोली हसली, मीही हसले असते, पण घसा कोरडा पडला होता.

ही फजिती आजही होते, कारण श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेल्या जुन्या फायली लोक अजून वापरतात. मराठी टाईप करायचं तर युनिकोडमध्येच करा, मंगल किंवा निर्मला फाँट घ्या. फाईल सेव्ह करताना फाँट फाईलमध्येच बसवण्याचा पर्याय असतो, तो निवडा. शिवाय तीच फाईल पीडीएफ करून सोबत ठेवा. पीडीएफमध्ये अक्षर मोडत नाही.

बाकी थोडक्यात. आठ मिनिटांना सहा-सात स्लाईड पुरतात. अक्षर २८ च्या खाली नको. मराठीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त सोडा. मथळ्याच्या जागी "स्क्रॅप विश्लेषण" असं लिहू नका, निष्कर्ष लिहा : "निम्म्याहून जास्त स्क्रॅप रात्री लाईट गेल्यावर". एक्सेलचा अख्खा तक्ता चिकटवू नका, तो दुसऱ्या रांगेतूनसुद्धा वाचता येत नाही. तक्ता कागदावर छापून वाटा. फुलं, उडती अक्षरं, शेवटी "धन्यवाद" लिहिलेली सूर्यास्ताची स्लाईड, काही नको. शेवटची स्लाईड मागणीची ठेवा. प्रश्नोत्तरं चालू असताना तीच पडद्यावर राहते.

तोंडानं म्हणून बघा

मनात वाचणं म्हणजे तयारी नव्हे. मनात सगळं नीट येतं. ओठ हलले की कळतं कुठे वाक्य अडतंय, कुठला शब्द जिभेवर बसत नाही. कमीत कमी तीनदा मोठ्यानं म्हणा, उभं राहून, घड्याळ लावून. एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करा. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतो, सगळ्यांनाच वाटतो. तरी ऐका. "म्हणजे", "ॲक्च्युअली", "ओके" हे किती वेळा आलं ते मोजा. मोजलं की दुसऱ्या वेळी निम्मं होतं.

मग घरात ज्याला तुमच्या कामातलं काही कळत नाही अशा एखाद्याला ऐकवा. आईला, आजीला, धाकट्या भावाला. ऐकून झाल्यावर "आवडलं का" असं विचारू नका, आई हो म्हणणारच. विचारा, "मी काय मागतोय?" तिला सांगता आलं तर भाषण झालं. "काहीतरी लाईटचं बोलत होतास" एवढंच आलं तर पहिलं मिनिट पुन्हा लिहा.

सगळं पाठ करू नका. पाठ केलेला एक शब्द निसटला की पुढचं अख्खं वाक्य निसटतं. सुरुवातीची तीन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढीच पाठ ठेवा. मधलं मुद्द्यांवरून बोला.

आणि दहा प्रश्न लिहून काढा. "खर्च किती?" हा येणारच. "हे आधी का नाही सुचलं?" हाही येतो, त्यात टोमणा असतो. त्याला उत्तर शांतपणे द्या आणि पुढे सरका. ज्याचं उत्तर माहीत नाही तिथे सरळ म्हणा, "हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, सोमवारी दुपारपर्यंत पाठवतो." म्हणालात की वहीत लिहून घ्या, सगळ्यांसमोर. अंदाजानं ठोकलेला आकडा नंतर तुमच्याच नावावर फिरत राहतो.

खोली बघून या

आदल्या दिवशी त्या खोलीत जा. प्रोजेक्टर जुना असेल तर त्याला व्हीजीएची केबल लागते आणि तुमच्या लॅपटॉपला एचडीएमआयच असतं. जोडणारा छोटा अडॅप्टर स्टोअरमधून आजच घ्या, उद्या स्टोअरकीपर रजेवर असतो. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालतो का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी दिवे-पंखे चालतात, प्रोजेक्टर चालत नाही. म्हणून स्लाईडच्या चार-पाच छापील प्रती जवळ असू द्या. लाईट गेली तर प्रती वाटून बोलणं चालू ठेवायचं. ऑटो पॅनेल मागायला उभ्या असलेल्या मुलाची लाईट नेमकी गेली असती तर त्याला निम्मं भाषण करावंच लागलं नसतं, पण तसं नशीब नव्हतं.

आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर हा मोठा वैरी. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, खोलीत मोठा डेझर्ट कूलर घरघरतोय, आणि बोलणारा त्याच्या शेजारी उभा. तिसऱ्या रांगेला काही ऐकू जात नाही. कूलर बंद करा म्हणालात तर लोक शिव्या देतील. आपण कूलरपासून लांबच्या बाजूला उभं राहायचं, आणि पहिलं वाक्य म्हणून झालं की मागच्या माणसाला विचारायचं, "ऐकू येतंय ना भाऊ?" वेळ निवडायची मुभा असेल तर सकाळची मागा. दुपारी जेवणानंतर कोणाचंही ऐकणं होत नाही.

ऑनलाईन बोलायचं असेल तर लॅपटॉप चार पुस्तकांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणा, उजेड समोरून घ्या, आणि नेटसाठी मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. बाकी सगळं तेच.

त्या दिवशी

सकाळी हलकं खा. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी आणि दुसऱ्या दिवशी दहाला भाषण, हे मी करून पाहिलंय, तुम्ही करू नका. पाण्याची बाटली जवळ हवी.

हात थरथरतात. सुटा कागद धरला तर ती थरथर सगळ्यांना दिसते. मुद्दे जाड पॅडवर लावा किंवा छोट्या कार्डांवर लिहा, मग दिसत नाही. बोलण्याआधी श्वास सावकाश सोडा, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून. तीन-चार वेळा केलं की आवाज खाली येतो. भीती साधारण पहिलं मिनिटभर राहते, म्हणून तर ती तीन वाक्यं पाठ करायची. आणि समोर किती लोक आहेत ते मोजा. १९३६ साली आपल्याच जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. तिथे बोलणाऱ्यांपुढे अथांग गर्दी होती. तुमच्यापुढे आठ माणसं आहेत, त्यातल्या दोघांना झोप येतेय.

एफ-५ दाबलं की स्लाईड सुरू होतात. बोलता बोलता पडदा काळा करायचा असेल तर बी दाबा, पुन्हा दाबलं की स्लाईड परत येते. महत्त्वाचं काही सांगायचं असेल तेव्हा हे करून बघा, सगळे पडदा सोडून तुमच्याकडे बघायला लागतात. स्लाईड वाचून दाखवू नका. पडद्याकडे पाठ करा, माणसांकडे नको.

आणि सत्कार-निरोप समारंभ

मीटिंगमध्ये बोलायला जमलं की लोक तुम्हाला समारंभात पण उभं करतात. तिथला मोठा धोका म्हणजे नावांची यादी. मंचावर नऊ जण, प्रत्येकाला आदरणीय, सन्माननीय, आणि मग शाल-श्रीफळ. अर्धा कार्यक्रम तिथेच जातो. "मंचावरचे सर्व मान्यवर आणि माझे सहकारी" एवढ्यात उरका. सूत्रसंचालन तुमच्याकडेच असेल तर मात्र नावं, हुद्दे आणि क्रम आदल्या दिवशी लिहून साहेबांच्या मदतनिसाकडून तपासून घ्या. निवृत्त होणाऱ्या माणसाविषयी बोलताना त्याची सेवापुस्तिका वाचू नका. एकच प्रसंग सांगा, तुम्ही स्वतः पाहिलेला. आमचे एक फोरमन निवृत्त झाले तेव्हा कँटीनवाला दोनच मिनिटं बोलला. बावीस वर्षं हा माणूस रात्रपाळीला चहा घेताना आधी हेल्परला द्यायला लावायचा, असं तो म्हणाला. बाकी सगळी भाषणं मी विसरले.

नंतर

मीटिंग संपली की त्याच संध्याकाळी एका पानाचा ईमेल पाठवा. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. आणि "सोमवारी दुपारपर्यंत पाठवतो" म्हणाला होतात तो आकडा सोमवारी सकाळीच पाठवा. त्या मुलाला शनिवारी मंजुरी मिळाली नाही. "तीन ठिकाणची कोटेशन आण," असं साहेब म्हणाले. पुढच्या आठवड्यात तो कोटेशन घेऊन गेला, तेव्हा उभंही राहावं लागलं नाही. साहेबांनी विचारलं, "त्या आठ गोण्यांचं ना?" आणि सही केली.